कवचाखालची वाळू

धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे कारखान्यात नोकरीस असलेल्या, मूळच्या वसई तालुक्यातील एका तरुण वाचकाचे पत्र आम्हांस आले आहे. आपली मुले पोटासाठी दूरदेशी गेली तरी या पानाशी नाते राखून आहेत, याचे समाधान वाटते. पत्रातील प्रश्न मात्र नेहमीच्या प्रश्नांहून निराळा आहे. या वाचकांनी धातू हुडकून काढणारे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेतले आहे. उन्हाळ्यात नर्मदेचे पाणी उतरले की रविवारची मिस्सा आटोपून ते मित्रांसह खलघाटच्या बाजूस जातात आणि गुडघाभर पाण्यात ते यंत्र वाळूवरून फिरवितात. एकाच हंगामात यंत्राच्या चकतीची खालची कड घासून पांढरी पडली. तिला कवच घालावे काय, आणि घातल्यास ती टिकेल काय, असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे. गावी आईला हा छंद पसंत नाही. ती म्हणते, पाण्यात पडलेली वस्तू कोणाची तरी असते.

मुलाचा प्रश्न आणि आईची शंका, दोन्ही आम्हांस सारख्याच मोलाच्या वाटतात. म्हणून दोहोंचा क्रमाने विचार करू.

प्रथम हे यंत्र कसे चालते ते पाहू. दांड्याच्या टोकाशी जी चकती असते, तिच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह सोडला की चकतीभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. खाली एखादा धातू असेल, तर त्यात त्यामुळे लहान लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात. त्या प्रवाहांची चाहूल चकतीतील तारेला लागते, आणि यंत्र आवाज करते. चुंबक लोखंडासारख्या मोजक्याच धातूंना ओढतो. म्हणून घाटावरची मुले दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडतात, तेव्हा पोलादी नाणी चिकटून येतात, पण तांबे व चांदी तळाशीच राहतात. या यंत्राला मात्र सर्वच धातूंची चाहूल लागते.

ही विद्या तशी जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच एक यंत्र त्यांच्या देहावरून फिरविले होते. गोळी सापडली नाही. गादीत पोलादी तारा होत्या आणि त्यांनी यंत्राचा गोंधळ केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारे यंत्र सिद्ध केले. १९४२ साली अल अलामेनच्या वाळवंटात त्याने अनेक सैनिकांचे प्राण वाचविले. अशा कुळातले हे अवजार आहे. त्याला खेळणे समजू नये.

आता झिजेविषयी. नदीची वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीचा चुरा, आणि गारगोटी ही पोलादी चाकूहूनही कठीण. चकतीचे प्लॅस्टिक तिच्यापुढे काय टिकणार? शेतात फाळ जसा टोकाशी झिजतो, तशी चकती तिच्या कडेला झिजते. कारण प्रत्येक फेरीत वाळूशी पहिली गाठ कडेचीच पडते. वरचे प्लॅस्टिक झिजून आत पाणी शिरले की तारेची वेटोळी बिघडतात. मग ती चकती घरी दुरुस्त होत नाही. नवीच घ्यावी लागते, आणि तिची किंमत थोडी नसते.

म्हणून कवच अवश्य घालावे. ते त्याच चकतीच्या मापाचे, पातळ आणि प्लॅस्टिकचेच असावे. जाड कवचाने खोलीचा तोटा होतो. जेवढी जाडी, तेवढी चकती जमिनीपासून दूर. आपल्याकडील हिकमती माणसांना एक सूचना द्यावीशी वाटते. पत्र्याचे कवच कदापि करू नये, धातूची पूड असलेला रंगही लावू नये. तसे केल्यास यंत्राला आपल्याच अंगावरचे धातू ऐकू येतील आणि बाहेरचे काहीच कळणार नाही.

परंतु खरी मेख पुढे आहे. कवच घातले म्हणजे चकती सुरक्षित झाली, असे मानून पुष्कळ लोक ते महिनोन्महिने काढीतच नाहीत. कवच आणि चकती यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. पाण्याबरोबर तिच्यातून बारीक वाळू आत जाते आणि तेथेच अडकून राहते. हात हलला की तीही हलते, आणि आतल्या आत चकतीला घासत राहते. बाहेरची वाळू निदान घासून निघून तरी जाते. आतली मुक्कामालाच असते. शिवाय काळ्या पाषाणाच्या मुलखातील नद्यांच्या वाळूत लोहयुक्त काळे कण असतात. ते फटीत साचले की यंत्र काही नसताना ओरडते, आणि माणूस रिकामी वाळू उपसत बसतो. यास्तव प्रत्येक वेळी घरी आल्यावर कवच काढावे. चकती आणि कवच दोन्ही गोड्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी, मगच पुन्हा बसवावी. कोणी कडेने चिकटपट्टी लावून फट बुजवितात. तेही चांगले, पण ती पट्टी वरचेवर बदलावी लागते.

आणखी चार गोष्टी थोडक्यात सांगतो. चकती वाळूवर ओढू नये. तळापासून दोन बोटे वर ठेवून संथपणे फिरवावी. तिच्यापासून निघणारी वायर दांड्याला नीट गुंडाळावी, पण चकतीच्या मानेशी थोडी सैल ठेवावी, म्हणजे ती तुटणार नाही. समुद्रावर नेल्यास खारे पाणी धुऊन काढण्यात दिरंगाई नको. आणि चकती पाण्यात चालते म्हणून वरची पेटीही चालेल, असे समजू नये. पुष्कळ यंत्रांत ती चालत नाही.

यंत्रापेक्षा माणूस मोलाचा, म्हणून हेही सांगतो. नर्मदेवर वरच्या अंगाला मोठमोठी धरणे आहेत. २००५ सालच्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे यात्रा भरली असता, धरणातून सोडलेले पाणी एकाएकी चढले आणि अनेक यात्रेकरू वाहून गेले. कानाला यंत्राची नळी लावून खाली मान घालून चालणाऱ्यास नदीचा आवाज ऐकू येत नाही. एकाने तरी काठावर उभे राहून पाण्याकडे लक्ष ठेवावे.

आता आईची शंका. ती खरी आहे. शास्त्रातही आहे आणि कायद्यातही आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किंमतीचे धन सापडले, तर ते कोठे, केव्हा व काय सापडले याची लेखी वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी व मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. धार जिल्ह्यात मांडवगड आहे. तेथील जहाज महालाच्या दोन्ही अंगांना तलाव आहेत. संरक्षित स्मारकाच्या अशा आवारात यंत्र घेऊन खणणे हा छंद नव्हे, गुन्हा होय.

कायद्याहूनही निकटची एक गोष्ट आहे. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच काठोकाठ भरले. धार जिल्ह्यातील कुक्षी तालुक्यात निसरपूर आणि चिखलदा या गावांत पाणी शिरले; घरे, बाजार, देवस्थाने बुडाली. अशा ठिकाणी पाणी ओसरल्यावर वाळूत एखादे जोडवे सापडले, तर ते नदीचे म्हणावे काय? ज्या बाईने घाईघाईत आपला उंबरठा सोडला, ती कदाचित चार कोसांवरच्या वसाहतीत राहत असेल. तिच्या लेखी ते हरवलेले आहे, टाकलेले नाही.

जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात अलीशा संदेष्ट्याची एक कथा येते. यार्देन नदीकाठी लाकडे तोडताना एका शिष्याच्या कुऱ्हाडीचे लोखंड पाण्यात पडले. तो कळवळला, तो कुऱ्हाड गेली म्हणून नव्हे. ती उसनी आणलेली होती म्हणून. अलीशाने ते लोखंड पाण्यावर तरंगविले. चमत्कार मोठा खरा, परंतु त्या शिष्याचे पहिले दुःख लक्षात घ्या. पाण्यात गेलेल्या वस्तूचा धनी त्याच्या डोळ्यांसमोर होता. आमच्या वाचकांनी हेच ध्यानात ठेवावे. हरवलेली अंगठी शोधून तिच्या धन्याला देणारे यंत्र पुण्याचे साधन होय. धनी शोधण्याची इच्छाच नसेल, तर तेच यंत्र लोभाचे दार होईल.

आणि येथेच कवचाची गोष्ट आम्हां सर्वांना लागू पडते. ख्रिस्ती कुटुंबावरही एक कवच असते. सायंकाळची रोझरी, रविवारची मिस्सा, मोठ्यांना मान देण्याची रीत, गोड बोलणे, ही सर्व कवचेच. ती हवीतच, त्यांच्यावाचून संसाराची वाळू आपणांस लवकरच झिजवून टाकील. पण भावाशी बांधाच्या तुकड्यावरून धरलेला अबोला, सुनेच्या मनातला एखादा शब्द, परत न केलेले उसने पैसे, हे कण फटीतून आत जातात. बाहेरून कवच चकचकीत दिसते. आत मात्र रोज थोडे थोडे घासले जात असते, आणि मग काही कारण नसताना माणूस चिडतो, ओरडतो.

धारला लाट मशिदीपाशी एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. एकत्र जोडले तर तेरा मीटरांहून अधिक लांब. शतकानुशतके ऊनपाऊस सोसूनही ते लोखंड गंजून संपले नाही. कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्ली व धार येथील लोहस्तंभांचा अभ्यास केला. अशा जुन्या लोखंडात फॉस्फरस अधिक असतो आणि त्यामुळे पृष्ठभागावर घट्ट, पातळ थर धरतो. तो थर आतल्या धातूला राखतो. हे कवच वरून अडकविलेले नाही, लोखंडाशी एकजीव झालेले आहे. मध्ये फटच नाही, तर वाळू जाणार कोठून? संतांची भक्ती अशी असते. आपली भक्ती बहुधा अजून वरून बसविलेली आहे. म्हणून निराश होण्याचे कारण नाही. तिला वेळोवेळी काढून धुण्याची गरज मात्र आहे. अंतःकरणाची झडती आणि पापनिवेदन यांचा उपयोग हाच होय.

तेव्हा आमच्या तरुण वाचकांस उत्तर असे: कवच घाला, दर वेळी काढून धुवा, पाण्यावर नजर ठेवा, आणि सापडलेल्या वस्तूचा धनी आधी शोधा. आईला तसे कळवा. तिची हरकत राहणार नाही, असे आम्हांस वाटते. इतर वाचकांनी या आठवड्यात एवढेच करावे. शनिवारी रात्री रोझरीनंतर पाच मिनिटे स्वस्थ बसून आत कोणता कण अडकला आहे तो पाहावा, आणि रविवारी मिस्सेला येण्यापूर्वी ज्याचे देणे असेल त्याच्या दारी जाऊन यावे.