साफी कशाने भरावी?

मुळशीत पाऊस एकदा बसला की घरातले प्रत्येक कापड ओलसर होते. कपडे तीन-तीन दिवस दोरीवर लोंबतात, आणि गॅसजवळची साफी तर दिवाळीपर्यंत पुरती सुकतच नाही. त्याच ओल्या साफीने आपण भाताचे पातेले धरून भात वेळतो. मध्येच चटका बसतो. सोडावे तर उकळती पेज पायावर, धरून ठेवावे तर बोटे भाजतात.

हात वाचवते ती कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा. कापड भिजले की त्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. तवा फार तापलेला असेल तर त्याच पाण्याची वाफ होते, ती वेगळीच. म्हणून जाड पण ओल्या साफीपेक्षा पातळ पण कोरडी साफी बरी.

साफी घरी शिवायची तर आत काय घालायचे? बहुतेक जणी उशीतला पांढरा, फुगीर फायबर काढून घालतात. तो पॉलिएस्टर असतो आणि साधारण 260 अंशांना वितळतो. पातेल्याच्या कडेला लागून ज्योतीशी गेला तर वितळलेला गोळा कातडीला चिकटतो, मग फडके झटकूनही सुटत नाही. स्पंजचेही तेच. सुती कापड करपते, पेटते, पण वितळत नाही. लोकर तर पेटायलाही कुरकुर करते. कुणाकडे जुन्या घोंगडीचा तुकडा असेल तर तव्याच्या साफीत त्याचा एक थर घालावा, आणि ती साफी थंड पाण्यातच धुवावी, नाहीतर आक्रसते.

मग कापूस? इथे आपल्या पिंजाऱ्यांची आठवण काढायला हवी. दारोदार फिरून धनुकलीच्या टणत्कारावर ते दबलेला कापूस मोकळा करायचे. म्हणजे गादीत पुन्हा हवा भरायचे. अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. इ.स. 922 मध्ये बगदादला सुळावर गेलेले सूफी मन्सूर अल-हल्लाज याच नावाने ओळखले जातात, आणि आपल्याकडची मन्सुरी मंडळी आपले नाव त्यांच्याशी जोडतात. नदाफ या आडनावाचा अर्थही पिंजणाराच. पिंजणयंत्रे आली, फोमच्या गाद्या आल्या आणि ही कला मागे पडली, याचे आम्हाला वाईट वाटते. तरीही पिंजलेला कापूस रजईसाठीच ठेवा. साफी रोज धुतली जाते, धुतल्यावर कापसाच्या गाठी होतात आणि मध्ये रिकामी जागा राहते. नेमकी तिथेच बोटे भाजतात. गाठी टाळायला टाके अगदी जवळजवळ घालावे लागतात, आणि टाक्याची प्रत्येक ओळ त्या जागी थर दाबून हवा काढून टाकते.

आजीची गोधडी या बाबतीत शहाणी. जुन्या सुती साडीचे किंवा लुंगीचे थर एकमेकांवर घातले की ते सरकत नाहीत, त्यामुळे दोन-दोन बोटांच्या अंतरावर साधा धावदोरा पुरतो. आम्ही साफीसाठी वर-खाली सुती कापड आणि मध्ये जुन्या टॉवेलचे दोन थर घेतो. टॉवेलच्या फासांत हवा छान अडकते. आठ इंची चौकोन, कडेला गोट, टांगायला एक फास. दोरा सुतीच घ्यावा. मशीनवरचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. टाके ताणून घालू नयेत, आणि हौसेने सहा-सात थरही घालू नयेत. साफी मुठीत वळली नाही तर भांडे निसटते, ते भाजण्यापेक्षा वाईट.

हल्लीच्या ‘सुती’ साड्यांत भेसळ फार. कापडाचा एक दोरा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून पेटवून पाहा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटांनी चुरगळेल अशी मऊ राख म्हणजे सूत. दोरा आक्रसून गोळा झाला आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरला, तर ते कापड पायपुसण्याला वापरा. मुलांना हे दाखवायला आवडते, पण काडी मोठ्यांनीच ओढावी.

साफ्या किमान चार शिवाव्यात. रमजानमध्ये इफ्तारच्या घाईत एकीवर तेल सांडते, दुसरीने कुणीतरी दस्तरखान पुसते. ओटा पुसायचे फडके वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे घाईत हात चुकीच्या कापडावर जाणार नाही. पावसाळ्यात धुतलेली साफी पिळून, सुक्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि पंख्याखाली टांगावी. दोन्ही थरांत बोट घालून गारवा लागतो का ते पाहावे. वरून सुकलेली दिसते तेव्हा आतला टॉवेल बहुधा ओलाच असतो.

आणि भाजलेच, तर टूथपेस्ट नको, हळद नको. अंगठी-बांगडी लगेच काढून वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली हात धरावा. बर्फ लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखाना गाठावा.