दाढीचे पाणी

दाढी कोणत्या पाण्याने करावी, हा प्रश्न वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाने चर्चेस घ्यावा, हे आमच्या काही वाचकांस रुचणार नाही. त्यांस आमचे सांगणे इतकेच की, जी क्रिया सुशिक्षित पुरुषवर्ग रोज सकाळी नेमाने करतो, आणि जिच्यासाठी कित्येक घरांत दुसऱ्याच कोणाला तरी त्याच्या आधी उठावे लागते, ती विचाराच्या कक्षेबाहेर ठेवण्याइतकी क्षुद्र नव्हे. 'दाढीचे पाणी' हा शब्दप्रयोगच पाहावा. त्यात 'ऊन' हे विशेषण कोणी घालीत नाही, कारण ते गृहीतच असते. "दाढीचे पाणी झाले का?" असे स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, म्हणजे पाणी तापले का, हाच त्याचा अर्थ व्हावयाचा. ह्या गृहीतावरच आमचा आक्षेप आहे.

हे गृहीत आले कोठून? आमच्या पणजोबांच्या पिढीत ते नव्हते. न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर येई, वाटीत घरचे साधे पाणी मागून घेई, आणि ते बोटांनी गालांवर, हनुवटीवर व गळ्यावर इतका वेळ जिरवी की यजमानास डुलकी लागावी. साबण असला तर लावी, नसला तर त्यावाचून अडत नसे. मग वस्तरा चामड्यावर चार वेळा फिरवून तो कामास लागे, आणि शेवटी तुरटीचा खडा फिरवून मोकळा होई. पाणी तापवा, असे त्याने कधी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

स्वतःची श्मश्रू स्वतः करण्याची विद्या युरोपात पूर्वीच निघाली होती. झां-झाक पेरे ह्या फ्रेंच सुरीकाराने १७६९ साली त्या विषयावर एक ग्रंथच लिहिला. परंतु ती विद्या घरोघर नेली ती जिलेटच्या यंत्राने. १९०३ साली ह्या कंपनीची अवघी ५१ यंत्रे विकली गेली, १९०४ साली तिला पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांस तर हे यंत्र सरकारातूनच वाटण्यात आले. न्हावी ओसरीवरून गेला आणि त्याच्या जागी आरसा आला. आरशाबरोबर आल्या त्या विलायती सूचना. ज्या देशात हिवाळ्यात नळाचे पाणी दहा अंशांच्याही खाली जाते, तेथील माणसाने ऊन पाणी मागितले तर त्यात नवल नाही. तेथील सधन घरांत नोकर सकाळी शयनगृहाच्या दाराशी ऊन पाण्याचा तांब्या आणून ठेवी. साहेबाने ती रीत येथे आणली, आणि साहेबाचे जे जे ते सुसंस्कृत ह्या न्यायाने आम्ही ती उचलली, असा आमचा तर्क आहे. उन्हाळ्यात नागपुरास गच्चीवरील टाकीचे पाणी अंगावर घेववत नाही इतके तापलेले असते. तेथेही दाढीसाठी पाणी तापविणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत!

ऊन पाण्याचे कैवारी म्हणतात की, त्याशिवाय केस मऊ होत नाही. ह्यात अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य हे असत्यापेक्षा खोडून काढण्यास कठीण. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. पाण्याचे कण आत शिरले म्हणजे त्या प्रथिनास ताठ ठेवणारे हायड्रोजनचे बंध सैल होतात. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पिऊ शकतो, जाडीने सुमारे १५ टक्के फुगतो, आणि कोरड्या स्थितीहून पुष्कळच कमी जोराने कापला जातो. म्हणजे केसास मऊ करते ते पाणी. उष्णता काय करते? पाणी आत शिरण्याचा वेग वाढविते, एवढेच. साध्या पाण्यास थोडा अधिक वेळ लागतो, आणि आमच्या हवेत, जेथे साधे पाणीच पंचवीस-तीस अंशांवर असते, तेथे हा फरक फारसा उरत नाही. साबणाचे कामही लोक समजतात त्याहून निराळे आहे. तो केसावरील तेलकटपणा काढून पाण्यास वाट करून देतो, ते पाणी जागच्या जागी धरून ठेवतो आणि पाते घसरते ठेवतो. ऊन पाण्याचा फेस लवकर वाळतो, हे ज्याने दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत त्यास सांगावयास नको. न्हाव्याची ती बोटे शास्त्र न शिकता हेच करीत होती. आमचे सुशिक्षित गृहस्थ तोंडावर दोन हबके मारतात, घाईने फेस फासतात, ताबडतोब पाते चालवितात, आणि गाल सोलला की दोष देतात पाण्याच्या थंडपणास.

पुष्कळदा दोष पात्याचा असतो. पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ असलेला केस पात्याची धार कशी मोडतो, ह्याचा शोध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. कापताना केस वाकतो, आणि पोलादाच्या घडणीत जेथे सूक्ष्म विषमता असेल तेथे धारेचा कण उडतो. अशी खवले पडलेली पाती महिना-महिना वापरणाऱ्यास उकळते पाणीही तारणार नाही. कोठे दोष जड पाण्याचा असतो. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा फेस न होता चिकट साका होतो. पाणी कोमट केल्याने तो दोष जात नाही.

येथवर वाचून थंड पाण्याचे अभिमानी खूश झाले असतील. त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. थंड पाण्याने त्वचेची रंध्रे मिटतात, केस उभा राहून मुळाशी कापला जातो, चेहरा तरुण राहतो, अशी विधाने ते बिनदिक्कत करतात. रंध्रांस दारे नाहीत आणि ती मिटविणारा स्नायूही नाही. अंगावर काटा येण्याइतके गार पाणी घेतल्यास केस उभे राहतात खरे, पण त्याबरोबर काटाही उभा राहतो, आणि पाते प्रथम त्यालाच लागते. थंड पाण्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे कापल्यास रक्त थोडे कमी येते आणि आग कमी होते. एवढा गुण पुरेसा असता, त्याच्या नावावर तारुण्य कशास विकावे? खऱ्या पक्षाची बाजू खोट्या युक्तिवादाने मांडणारे मित्र शत्रूपेक्षा अधिक नुकसान करतात.

आता खर्चाकडे वळू. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचेचाळिसांवर नेण्यास विजेचे एक युनिट सुमारे चाळीस वेळा पुरेल. परंतु एक लिटर तापवितो कोण? पंधरा लिटरचा बंब साठ अंशांपर्यंत तापतो, त्यास ०.६ युनिट लागते, म्हणजे गरजेच्या पंचवीसपट. शिवाय ऊन पाणी येईपर्यंत नळातले गार पाणी मोरीत वाहून जाते ते निराळेच. जेथे विजेचा बंब नाही तेथे शेगडी वा चूल आली, आणि तिच्यापुढे बसणारी बाई आली. आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. पुरुषाची दोन मिनिटे वाचावीत म्हणून स्त्रीची पंधरा मिनिटे जातात, ह्या हिशेबाकडे कोणी बघत नाही, कारण तो मांडण्याची ज्यांस सवय आहे तेच आरशापुढे बसलेले असतात. मुलांचे डबे, चहा, देवपूजेची तयारी ह्या सर्वांच्या आधी चुलीवर पहिला मान ह्या तांब्याचा! "आमच्या घरी ती आपण होऊन करते," असे एका स्नेह्याने आम्हांस ऐकविले. दहा दिवस पाणी मागू नका, मग ती आपण होऊन करते की काय ते पाहा, असे आम्ही त्यांस सुचविले. त्यांनी ते केल्याचे अद्याप कळविलेले नाही.

वृद्ध, आजारी आणि नाजूक त्वचेचे लोक ह्यांच्यासाठी हा लेख नव्हे. त्यांनी वैद्याच्या सल्ल्याने वागावे. पौष महिन्यातील महाबळेश्वरासही आम्ही सूट देतो. तेथे ज्यास पाणी कोमट हवे त्याने ते खुशाल घ्यावे. मात्र स्वतः उठून, स्वतः तापवून घ्यावे.