झाकली मूठ आणि मुलींची वये

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण घरच्या अब्रूपुरती ठीक आहे. आरोग्याच्या बाबतीत मात्र झाकलेली मूठ जिवावर बेतते.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1992-93 पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करीत आली आहे. 2015-16 पासून त्यात जिल्हावार आकडे मिळू लागले. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांना लग्नाच्या वेळचे वय विचारले गेले. अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के निघाले, परभणी जिल्ह्यात 48 टक्के. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसरी मुलगी!

आता गावचे दप्तर उघडून पाहा. त्यात बालविवाह क्वचितच सापडेल. हा फरक का पडतो? गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. ज्याने रोखायचे, त्यानेच 'माझ्या गावात इतके झाले' असे लिहायचे, हे कसे घडावे? दवाखान्यातही तेच. गरोदर मुलीला वय विचारले की सासूबाई पटकन 'एकोणीस' सांगतात. खरे सांगितले तर पोलीस केस होईल ही भीती. सर्वेक्षणात नाव उघड होत नाही, कोणावर ठपका येत नाही. म्हणून खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

कोवळ्या वयातले बाळंतपण म्हणजे रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, झटके आणि कमी वजनाचे बाळ. आईचे खरे वयच कळले नाही, तर डॉक्टरला या धोक्याची आगाऊ जाणीव कशी व्हावी?

काहीजण म्हणतात, "मोजण्यावर खर्च कशाला? तो पैसा औषधांवर घाला." पण ताप न मोजता औषध देणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावी बाळांचे मृत्यू काटेकोर मोजले आणि 39 गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तेथील नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. मोजणी नसती, तर या कामाचा गुण आला हे कोणाला पटले असते?

राष्ट्रीय सर्वेक्षण काही वर्षांनी एकदा येते. तोवर आणखी मुली बोहल्यावर चढतात. माझ्या मते जिल्हा परिषदेने दरवर्षी निवडक गावांत छोटी पाहणी करवून घ्यावी; पण आपल्या कर्मचाऱ्यांकडून नव्हे. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. हे काम त्यांच्याकडे सोपवावे. पाहणीचा उपयोग कोणाला शिक्षा करण्यासाठी होऊ नये. निष्कर्ष मात्र फायलीत न ठेवता, कोणाचे नाव न घेता, ग्रामसभेत वाचून दाखवावेत. शाळा लांब आहे, ऊसतोडीला जाताना मुलीला कोठे ठेवावे हा प्रश्न आहे, की हुंड्याची धास्ती आहे, हे गावच सांगेल आणि उपायही तेथेच सुचेल.

वाचकांना एवढीच विनंती, पाहणीसाठी कोणी दारी आले, तर मुलीचे खरे वय सांगा.