तुणतुण्याचे तोंड

लोकसाहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना एक जुनी खोड आहे. शाहिराचा पोवाडा असो वा गोंधळ्याचे आख्यान, आम्ही ते प्रथम कागदावर उतरवतो आणि मग त्या कागदालाच संहिता म्हणतो. वाद्याचा उल्लेख फार तर तळटीपेत येतो. या खोडीची शिक्षा आम्हांला आमच्याच विभागातल्या एका तुणतुण्याने दिली.

अमरावती परिसरातल्या एका गोंधळी कुटुंबाने ते आम्हांला दिले होते. बुडाचे कातडे सैल झालेले, दांडीही डगमगती. दुरुस्तीला देताना आम्हीच सांगितले की वरचे तोंड उघडे आहे, धूळ जाते, तेवढे झाकण बसवून टाका. सुताराने पातळ फळी बसवली, तारेपुरते भोक ठेवले. वाद्य देखणे झाले, पण आवाज घुसमटला. पुढे एका कार्यक्रमात म्हाताऱ्या वादकाने ते हाती घेतले, एकदा छेडले आणि म्हणाला, "मास्तर, तुमी तं याचं तोंडच बुजवून टाकलं!"

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तुणतुण्याला सतारीसारखी घोडी नसते. तार कातड्याच्या मध्यातून निघते, पोकळीतून वर येऊन दांडीवरच्या खुंटीला जाते. छेडली की कातडे थेट हिसकले जाते, आतली हवा हलते आणि उघड्या तोंडाने बाहेर पडते. त्या हवेचा स्वर पोकळीच्या आकारमानावर आणि तोंडाच्या रुंदीवर ठरतो. तोंड आक्रसले की तो खाली उतरतो. छिद्र किती आणि कोठे, हा सजावटीचा प्रश्न नव्हेच. व्हायोलिनच्या लांबट छिद्रांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की हवेचा प्रवाह मुख्यतः छिद्राच्या कडेलगत होतो. क्षेत्रफळ तेच ठेवून कड लांबवली की आवाज अधिक पोहोचतो. कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या कानाने जोखत आले होते.

याच्या उलट मिरजेचा तंबोरा. भोपळ्यावर तबली बसवलेली, मोठे छिद्र नाही. तेथे तबलीच बोलते, आणि घोडीच्या किंचित गोलाव्यावर तार घासत राहिल्याने जवारी उमटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या गोलाव्यावरच लिहिले होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. तुणतुण्याच्या वाट्याला असे काही येईल, अशी चिन्हे मात्र दिसत नाहीत.

आता आमचा मुद्दा. तंबोऱ्याचा स्वर टिकतो, तुणतुण्याचा चटकन विरतो. म्हणूनच शाहिराला झीलकरी लागतात, असे आम्हांला वाटते. वाद्य जो लांब स्वर धरू शकत नाही, तो झीलकऱ्यांचा गळा धरतो. आम्ही मात्र छापील पोवाड्यातल्या त्या 'जी जी'ला पादपूरक म्हणून वर्गात हसत आलो. भरतीचे शब्द म्हणून संपादनात ते गाळणारेही आहेत. अर्थदृष्ट्या ते रिकामे असतील, पण नाददृष्ट्या तेच रचनेचे छत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) भजने शिकवतानाही हेच घडते. त्यांच्या हातातली खंजिरी एका बाजूने मढवलेली, दुसऱ्या बाजूने उघडी. तिचा ठोका बाजूला ठेवून आम्ही त्या भजनांची मात्रागणना करतो आणि छंद शिथिल असल्याचा शेरा मारतो.

कोणी म्हणेल, साहित्याच्या अध्यापकाने सुतारकामात का शिरावे? शिरू नये, पण विचारावे. संकलन करताना वाद्य कोणते, ते कशाचे, कोठे उघडे आणि कोठे मढवलेले, त्याचा स्वर किती टिकतो, एवढे चार रकाने वहीत वाढवावेत. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला ध्वनिमुद्रणाची जोड सक्तीची करावी. ज्या शब्दाचा सांगाती माहीत नाही, त्याचे वृत्त ठरवण्याचा अधिकार आम्हांला कोठून आला?

तुणतुण्याचे झाकण आम्ही काढून टाकले आहे. आता त्यात धूळ जाते, ती अधूनमधून झटकावी लागते. संहितेवर आम्ही बसवलेली झाकणे काढणे इतके सोपे नाही, कारण ती बसवल्याबद्दल आम्हांला पदव्या मिळालेल्या आहेत.