वर्ष नेमके कोणाचे वाया जाते?

इंदूरच्या दक्षिण तुकोगंजात, नाथ मंदिराच्या परिसरातल्या एका मराठी घरात, गेला महिनाभर एकाच विषयावर खल चालला आहे. घरातली मुलगी दहावी झाली. विद्यार्थी देवाणघेवाणीच्या एका योजनेत तिची निवड झाली आहे. म्हणजे अकरावीचे वर्ष तिने परदेशातल्या एका अनोळखी कुटुंबात राहून, तिथल्याच शाळेत जाऊन काढायचे. घर आमच्या नात्यातले, म्हणून मलाही फोनवर मत विचारले गेले. ''तुम्ही गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जाता, तुम्हीच सांगा!'' फोनवर सांगायचे ते सांगितले. पण हा प्रश्न त्या एका घराचा नाही. इंदुरात, पुण्यात, पणजीत, जिथे जिथे मध्यमवर्गीय मराठी घरात बुद्धिमान मूल आहे, तिथे तो आज ना उद्या येणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या घरात मते तीन आहेत. वडील म्हणतात, साल खराब होईल. (इंदुरी मराठीत वर्ष वाया जात नाही, साल खराब होते!) आजी म्हणते, तरुण मुलगी दहा महिने परक्याच्या घरी ठेवायची कशी? आणि काका म्हणतात, जाऊ द्या तिला, पुढे अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळायला उपयोग होईल. तिघांपैकी पहिले दोघे विरोधात आहेत आणि काका बाजूने. माझ्या मते सर्वांत घातक मत काकांचे आहे. पण क्रमाने जाऊ.

आधी वडिलांचा हिशेब. परदेशातल्या त्या वर्षाची आपल्या बोर्डाच्या लेखी बहुधा गणती होत नाही आणि परत आल्यावर अकरावी नव्याने करावी लागते, हे खरे आहे. म्हणजे सतराव्या वर्षी होणारी बारावी अठराव्या वर्षी होईल. तोटा म्हणतात तो एवढाच. आता याच इंदुरात भंवरकुव्याकडे फेरी मारा. तिथल्या कोचिंग क्लासांत 'ड्रॉपर बॅच' नावाची एक गोष्ट असते. बारावी झाली, जेईई किंवा नीटमध्ये हवा तो क्रमांक आला नाही, की मूल एक वर्ष घरी बसून तीच पुस्तके पुन्हा घोकते. काही मुले दोन वर्षे घोकतात. बाप त्यासाठी लाखाच्या घरात फी भरतो. त्या वर्षाला कोणी 'खराब' म्हणताना ऐकले आहे? त्याला 'तयारी' म्हणतात! तेच तेच प्रश्न पुन्हा सोडवण्यात गेलेले वर्ष गुंतवणूक, आणि नवी भाषा, नवी माणसे, नवा देश समजून घेण्यात गेलेले वर्ष मात्र नासाडी. हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

खरी भीती वर्षाची नाहीच. भीती आहे ती रांग सोडण्याची. ड्रॉपर मूल रांगेतच उभे असते, फक्त एक पाऊल मागे सरकते. परदेशी गेलेले मूल रांगेतून बाहेर पडते, आणि बाहेर पडल्यावर त्याला कदाचित असेही वाटेल की ही रांग आपली नव्हेच! बापाला झोप लागत नाही ती यामुळे.

आता काका. ही योजना म्हणजे प्रवेशाची शिडी नव्हे. ती कुठून आली ते पाहा. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समध्ये जखमींच्या रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची एक संघटना उभी राहिली, अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी तेच काम केले. दोन युद्धांत माणसे उचलून उचलून दमलेल्या या लोकांनी ठरवले की आता मुलांची ने-आण करू. १९४७ पासून त्यांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांत, एकमेकांच्या घरांत ठेवायला सुरुवात केली. ज्या घरात आपण वर्षभर जेवलो त्या घरावर बाँब टाकायला हात धजणार नाही, इतका साधा विचार त्यामागे होता. रोटरीची योजनाही याच जातीची. पंधरा ते एकोणीस वर्षांची मुले, एका वर्षात बहुधा दोन-तीन घरे, आणि नियम कडक. गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरणे नाहीत. वर्ष संपले की परत. परत येणे हा या योजनेचा प्राण आहे.

आणि नेमके हेच आम्हा गोवेकरांना कधी जमले नाही, म्हणून इंदूरच्या पाहुण्यांनी आमचा दाखला देऊ नये. आमच्याकडे बाहेर जाणे म्हणजे तारवटी होऊन बोटीवर जाणे, आफ्रिकेला जाणे, आखाताला जाणे, आणि २०२० पर्यंत आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला जाणे. माणूस जातो, पैसे पाठवतो, गावात मोठे घर बांधतो आणि त्याला कुलूप लावतो. यात कष्ट आहेत, त्यांची थट्टा मी करणार नाही. पण हे कमवायला जाणे झाले. शिकायला जाऊन, शिकलेले घेऊन परत येणे ही वेगळी जात आहे. काकांच्या डोक्यात आहे ते स्विंडनच, फक्त जरा महागडे.

परत येणारा गोवेकर हवाच असेल तर आमच्याकडे एक आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी. घर सोडले, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घालून बौद्ध धर्म आणि पाली आत्मसात केली. पदवी एकही नव्हती. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. १९१२ साली ते परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. त्यानंतरही ते हार्वर्डला पुन्हा पुन्हा गेले आणि पुन्हा पुन्हा परत आले. १९१८ साली जाताना त्यांनी अकरा वर्षांचा मुलगा दामोदर आणि थोरली मुलगी माणिक यांनाही बरोबर नेले. 'साल खराब होईल' असा हिशेब त्यांनी मांडला असता तर हे पुढचे काही झाले असते का?

आता आजी. तिचा आक्षेप मला तिघांत सर्वांत खरा वाटतो, कारण तो माणसांविषयी आहे, मार्कांविषयी नाही. परक्याच्या घरी राहायचे, त्यांच्या ताटात जेवायचे, त्यांच्या वेळा पाळायच्या. पण आजी, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? जुन्या पिढीतले किती शिक्षक, वकील, कारकून वार लावून शिकले! सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वारांना सात उंबरे. एका घरी प्रेमाने वाढायचे, दुसऱ्या घरी टोमणा मारून वाढायचे. सात घरांच्या सात चवी आणि सात स्वभाव पचवत मूल मोठे व्हायचे. वाराच्या अन्नावर शिकलेल्यांच्या या समाजाने आता यजमान कुटुंब या कल्पनेला बिचकावे? शिवाय ज्या वस्तीत हा खल चालला आहे तिचे नाव तुकोजीराव होळकरांवरून पडलेले. होळकरांच्या मागोमाग मराठी माणसे माळव्यात आली, परक्या मुलखात राहिली, तिथली बोली आणि पोहे-जिलबी आपलीशी केली, म्हणून तर आज 'इंदुरी मराठी' नावाची गोड चीज अस्तित्वात आहे.

आणि मुलगी म्हणून भीती असेल तर आनंदीबाई जोशींची आठवण काढावी लागते. १८८३ च्या फेब्रुवारीत, अठरा वर्षेही पुरती झालेली नसताना, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण केले. विषय होता, मी अमेरिकेला का जाते? इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जातेस, जातीबाहेर टाकले तर काय करशील, वाटेत संकट आले तर, जे कोणत्याही बाईने केले नाही ते तूच का करावेस? एकेक प्रश्न घेऊन त्यांनी उत्तरे दिली. तुकोगंजातल्या घरात आज जे प्रश्न चालले आहेत त्यांतले निम्मे हेच आहेत. फरक इतकाच की १८८३ साली त्यांची उत्तरे स्वतः मुलीने दिली होती, आणि आजच्या घरात मुलीला कोणी काही विचारलेलेच नाही!

आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या थेट कॉलेजात गेल्या नाहीत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात त्या आधी राहिल्या. दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेली असताना या कार्पेंटरबाईने एका मिशनरी मासिकात जोशी दांपत्याविषयी वाचले आणि पत्र धाडले. ओळख ना देख. आनंदीबाई तिला मावशी म्हणत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. कोणी म्हणेल, बघा, परदेशाने मुलगी खाल्ली. थंडी आणि पोटाची आबाळ यांनी प्रकृती ढासळली हे खरेच आहे, आणि म्हणूनच आज विमा, स्थानिक पालक आणि घर बदलून मागण्याची सोय या गोष्टी कागदावर तपासून घ्यायच्या असतात. पण त्या कथेचा शेवट बहुतेकांना ठाऊक नसतो. आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. परक्याच्या घरी राहणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उत्तर मला माहीत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले. शब्द 'देवाणघेवाण' असा आहे. आपण फक्त घेवाण वाचतो. आपली मुलगी तिकडच्या कोणा मावशीने दहा महिने फुकट सांभाळावी (यजमान कुटुंबांना या योजनांत सहसा पैसे मिळत नाहीत), तिला डॉक्टरकडे न्यावे, रडली तर जवळ घ्यावे, अशी आपली अपेक्षा. पण रोटरीसारख्या योजनेत मुलगी पाठवणाऱ्या घराने उलट दिशेने आलेले एखादे मूल काही महिने ठेवून घ्यावे अशी अपेक्षा असते, ती ऐकली की घरात शांतता पसरते. फ्लॅट लहान आहे. आमच्याकडे सोवळे आहे. ती मांस खाईल. ती चड्डी घालून हिंडेल, शेजारी काय म्हणतील? तो मुलगा असला तर घरात आमची मुलगी आहे. अहो, तुमची मुलगी ज्या घरात जाणार आहे तिथेही एखादा मुलगा असेलच की! त्या माउलीने हा विचार करून दार उघडलेच ना?

पाहुण्याला रात्री सराफ्यात नेऊन भुट्ट्याचा कीस आणि गराडू खिलवणे, सकाळी छप्पन दुकानांवर हिंडवणे, यात इंदूरचा हात कोणी धरणार नाही. पण ते झाले एका संध्याकाळचे आतिथ्य. परक्या मुलीला स्वतःचे ताट घासायला सांगणे, उशीर झाला म्हणून रागावणे, ती आजारी पडली की रात्रभर उशाशी बसणे, आपल्या देवघरापुढे ती न नमता उभी राहिली तरी चालवून घेणे, हे आतिथ्य नव्हे, हा संसार आहे. अतिथी देवो भव म्हणायला सोपे, कारण देव दुसऱ्या दिवशी जातो.

म्हणून तुकोगंजातल्या त्या घराला माझे सांगणे असे. खर्च आधी बघा. काही योजनांत काही लाख लागतात, काहींत विमान, विमा आणि व्हिसा यांवर भागते. कर्ज काढून पाठवण्यासारखी ही गोष्ट नव्हे. मुलीला एकटीला बसवून विचारा, आणि ती 'नको' म्हणाली तर विषय संपवा. ती गेली तर रोज रात्री व्हिडिओ कॉल करून तिला तुकोगंजातच ठेवू नका. पहिले दोन-तीन महिने ती रडेल, रडू द्या. पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या घरातली एक खोली, जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची, परक्या देशातल्या मुलासाठी काही महिने आपण देऊ का?

उत्तर 'हो' असेल तर बेलाशक पाठवा, साल खराब होणार नाही. उत्तर 'नाही' असेल तर मुलीला घरीच ठेवा आणि भंवरकुव्याला नाव घाला. आपण ज्या उंबऱ्यावर कोणाला पाय ठेवू देणार नाही, तसलाच दुसऱ्याचा उंबरा आपल्या लेकीसाठी मागायचा, हा व्यवहार मला तरी लबाडीचा वाटतो. आनंदीबाईंना मावशी मिळाली ती कोणाच्या तरी दारातून मिळाली. आपल्या दारातून कोणाला मावशी मिळणार आहे की नाही, एवढेच ठरवायचे आहे.