आवाजावरची जकात

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेल या कंपनीने एक निर्णय जाहीर केला. ग्राहकाने इंटरनेटसाठी जो डेटा आगाऊ पैसे मोजून घेतला असेल, त्यातून स्काईप, व्हायबर यांसारख्या साधनांद्वारे होणारे बोलणे वगळले जाईल आणि त्यासाठी वेगळी आकारणी होईल, असा तो निर्णय होता. तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर दर दहा किलोबाइटला ४ पैसे हा तो दर. मिनिटभराच्या बोलण्यास अर्धा मेगाबाइट लागतो असे धरले, तरी मिनिटाला दोन रुपये होतात. साधा कॉल याहून पुष्कळ स्वस्त पडत होता. ग्राहकाने इंटरनेटवरून बोलण्याच्या फंदात पडूच नये, याखेरीज या दरातून दुसरा अर्थ निघत नव्हता. लोकांचा रोष उसळला आणि अवघ्या काही दिवसांत कंपनीने निर्णय स्थगित केला. तथापि त्या निमित्ताने पुढे आलेला प्रश्न स्थगित झाला नाही. तो आजही निरनिराळी रूपे घेऊन पुढे येतच आहे.

हा प्रश्न तांत्रिक भासतो, पण तो मुळात साधा आहे. घरातला विजेचा मीटर युनिटे मोजतो. त्या युनिटांवर पंखा फिरला की रेडिओ वाजला, याची चौकशी तो करीत नाही. डेटा विकणारी कंपनी मात्र असे म्हणू पाहत होती की, याच डेटावर वर्तमानपत्र वाचले तर एक दर आणि मुलीशी बोलले तर दुसरा. हा भाव मालाच्या वजनाचा नव्हता. तो जकात नाक्यावर गाडी थांबवून, पोती उघडून, आतला जिन्नस पाहून ठरविलेला कर होता. वाहून नेणाऱ्याने मालात डोकवावे काय, एवढाच या वादाचा गाभा आहे.

या जकातीला इतिहास आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले. त्यानंतर कित्येक वर्षे ग्राहकाला आलेल्या फोनचेही पैसे भरावे लागत. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पण त्यावरून फोनवजा बोलणे निषिद्ध होते. परदेशी संभाषण ही निगमची मक्तेदारी होती आणि तिचे उत्पन्न राखावयाचे होते. १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात ही बंदी उठली. म्हणजे ज्या काळात परदेशी गेलेल्या मुलाचा आवाज ऐकण्यासाठी कुटुंबे बूथवरच्या मीटरकडे धास्तावून पाहत होती, त्या काळात स्वस्त मार्ग ठाऊक असूनही तो कायद्याने बंद होता. पुढे स्पर्धा आली, दर उतरले. पण जुनी वृत्ती गेली नाही. दिवाळी किंवा नववर्षाच्या दिवशी एसएमएसचे सवलतीचे पॅक लागू न करता प्रत्येक शुभेच्छेचे पूर्ण पैसे कापण्याची प्रथा ग्राहकांच्या अंगवळणी पडली होती. अशा ग्राहकाच्या हाती व्हॉट्सॲप आल्यावर तो त्याकडे वळला, यात नवल कसले?

अन्य देशांतही हेच घडले. अमेरिकेत २००५ मध्ये मॅडिसन रिव्हर या लहानशा दूरध्वनी कंपनीने व्होनेजची इंटरनेट-दूरध्वनी सेवा अडविली, तेव्हा तेथील संघीय दूरसंचार आयोगाने तिला पंधरा हजार डॉलर भरावयास लावले. नेदरलँड्समध्ये २०११ साली केपीएन कंपनीने व्हॉट्सॲप आणि स्काईपच्या वापरासाठी स्वतंत्र आकारणीचा मनोदय जाहीर केला. एसएमएसचे उत्पन्न आटू लागले होते. परंतु असे शुल्क लावावयाचे तर ग्राहक काय करतो हे पाहणे ओघाने आलेच. आणि त्याच्या दळणवळणात डोकावण्याचे तंत्र कंपनी वापरीत असल्याचे उघड झाले, तेव्हा तेथील संसदेने पुढच्याच वर्षी जाळ्याच्या तटस्थतेचा कायदा संमत केला.

याउलट संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची मुभा अनेक वर्षे परवानाधारक कंपन्यांच्याच हाती राखली गेली. व्हॉट्सॲपवर मजकूर जाई, छायाचित्र जाई. आवाज मात्र जात नसे. सौदी अरेबियाने अशी बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठविली. रत्नागिरी-रायगडमधील ज्या घरांतील कर्ती माणसे आखातात चाकरीला आहेत, त्यांना या धोरणाचा अर्थ समजावून सांगावयास नको. कोणी आडवाटेने बोलत, कोणी ध्वनिमुद्रित निरोप पाठवून समाधान मानीत. स्वस्त साधन खिशात असूनही महिन्याच्या पगारातील काही भाग केवळ घरच्यांचा आवाज ऐकण्यावर खर्च व्हावा, ही स्थिती तांत्रिक अडचणीची नव्हती. ती धोरणाने निर्माण केली होती.

भारतात मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, या विषयावर चर्चापत्र काढले. अशी पत्रे सामान्यतः कंपन्या आणि त्यांचे वकील यांच्यापलीकडे कोणी वाचीत नाही. या खेपेस मात्र दहा लाखांहून अधिक ई-पत्रे प्राधिकरणाकडे गेली. त्यांत विद्यार्थ्यांचा आणि तरुण नोकरदारांचा भरणा मोठा होता. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून डेटाचा दर बदलण्यास ट्रायने मनाई केली. उल्लंघनाबद्दल दिवसाला पन्नास हजार रुपये, कमाल पन्नास लाख रुपये दंड ठेवला. ठरावीक संकेतस्थळे फुकट देऊ करणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजनाही त्यामुळे येथून गुंडाळली गेली. २०१८ मध्ये तटस्थतेचे तत्त्व परवान्याच्या अटींत समाविष्ट झाले. दरच नव्हे, तर अडवणूक आणि वेग मंदावणे यांनाही बंदी आली.

दूरसंचार कंपन्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते, असे मात्र नव्हे. रेडिओलहरींसाठी लिलावात प्रचंड रकमा मोजावयाच्या, परवाना शुल्क भरावयाचे, मनोरे उभारावयाचे, तपास यंत्रणांना कायदेशीर साहाय्य करावयाचे. आणि यांपैकी काहीही न करणाऱ्याने त्याच तारेवरून तीच सेवा फुकट द्यावयाची, हा अन्याय असल्याचे त्या सांगत. दूरसंचार विभागाच्या समितीनेही जुलै २०१५ मध्ये, देशांतर्गत इंटरनेट कॉलना साध्या कॉलप्रमाणे नियमांत आणावे, असे सुचविले होते. परंतु या युक्तिवादात एक दुवा निसटतो. व्हॉट्सॲपवरचे बोलणे फुकट नसते. त्याच्या डेटाचे पैसे ग्राहकाने कंपनीला आधीच दिलेले असतात. त्याच मालाचे दोनदा मोल मागणे एवढेच मग उरते.

शिवाय ज्या उत्पन्नासाठी हा अट्टाहास होता, ते उत्पन्न इंटरनेट कॉलनी नव्हे, तर स्पर्धेने संपविले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने आवाजाचा वेगळा दर ठेवलाच नाही. इतरांना मागोमाग यावे लागले. एका जाळ्यावरून दुसऱ्या जाळ्यावर जाणाऱ्या कॉलसाठी कंपन्या एकमेकींना जे शुल्क देत, तेही १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आले. आवाज हा विकण्याचा जिन्नसच उरला नाही. डेटा हाच धंदा झाला. काळाचा उपरोध असा की, पूर्वी डेटावाल्याने आवाजाचे पैसे भरावेत असा आग्रह होता, तर पुढे केवळ बोलणाऱ्या वृद्धांना आणि साध्या फोनधारकांना नको असलेला डेटा घेणे भाग पडू लागले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल व एसएमएसचे पॅक उपलब्ध करून देण्याचा आदेश ट्रायला काढावा लागला. नाका बदलला, नाकेदार तोच राहिला.

म्हणूनच आजच्या मागण्यांकडे सावधपणे पाहावयास हवे. ‘समान सेवेस समान नियम’ ही घोषणा कायम आहे. २०२० मध्ये ट्रायने असा हस्तक्षेप अनावश्यक ठरविला, तरी २०२३ मध्ये विषय पुन्हा चर्चेस घेतला गेला. ज्यांच्या सेवांमुळे जाळ्यावर भार पडतो त्या बड्या कंपन्यांनी खर्चाचा वाटा उचलावा, ही दुसरी मागणी. ती वरकरणी न्याय्य वाटते. परंतु दक्षिण कोरियात अशाच धाटणीची पद्धत असता, जाळ्याचा खर्च परवडत नसल्याचे सांगून ट्विच ही कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथून निघून गेली. बडे पैसे भरतात आणि ते ग्राहकाकडून वसूल करतात. लहान तेवढे बाहेर राहतात.

तिसरा मार्ग सुरक्षेचा आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने निरोप-सेवांना निर्देश दिले की, नोंदणीचे सिम फोनमध्ये असेल तरच सेवा चालावी आणि संगणकावरील वापर दर सहा तासांनी बंद होऊन पुन्हा जोडावा लागावा. अंमलबजावणीस ९० दिवसांची मुदत होती. परदेशातून होणाऱ्या सायबर फसवणुकीला आळा घालणे हा त्यामागचा उद्देश. त्याचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. कित्येक निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी अशा फसवणुकीत बुडाली आहे. पण आखातात गेल्यावर फोनमध्ये तिथले सिम घालणारा कामगार, किंवा कचेरीतल्या संगणकावर दिवसभर निरोप पाहणारा कारकून यांना पडणारा भुर्दंड कोणी मोजला काय? आणि जेथे दराचा नाका उभारता आला नाही, तेथे ओळखपत्राचा नाका उभा राहणार काय? हे प्रश्न विचारणे म्हणजे गुन्हेगारांची कड घेणे नव्हे.

२०१६ चा विजय सर्वसामान्यांनी मिळविला, हे विसरता कामा नये. परंतु तो नियामकाच्या विनियमात आणि परवान्याच्या अटीत वसलेला आहे. विनियम बदलता येतो, अटी सुधारता येतात, त्यासाठी संसदेत मतदान घ्यावे लागत नाही. दरम्यान बाजारातील खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत, आणि एकीने घातलेले कुंपण दुसरी मोडील ही २०१६ ची आशा आता तितकीशी बळकट नाही. स्पर्धा क्षीण होते, तेव्हा कायदा बळकट असावा लागतो. वाहकाने वाहावे, डोकावू नये, हे तत्त्व संसदेने स्पष्ट शब्दांत कायद्यात लिहावे; आणि सुरक्षेपोटी त्यास अपवाद करावयाचे असतील, तर तेही चर्चा करून, कारणे देऊन, मुदत घालून करावेत. आई आणि परदेशीचा मुलगा यांच्या बोलण्यावर जकात बसवावी की नाही, याचा निर्णय कंपनीच्या दरपत्रकात किंवा विभागाच्या परिपत्रकात होऊ नये.