आधी तिथी बघा, मग रविवार

कॉलेजच्या ग्रुपवर प्लॅन कसा ठरतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुणीतरी पक्ष्यांचं एखादं भारी रील टाकतं. ‘आपण कधी?’ असा प्रश्न येतो, ‘या रविवारी’ असं उत्तर येतं आणि पन्नास मेसेजनंतर चार-पाच जण खरोखर निघतात. दुपारी बारा वाजता खाडीवर पोहोचतात. डोक्यावर ऊन, समोर मैलभर चिखल आणि पक्षी म्हणजे लांबवर हलणारे ठिपके. मग सायकल टेकवून एकमेकांचे फोटो काढायचे आणि ‘तिथे काहीच नव्हतं’ असं सांगत परत यायचं.

‘काहीच नव्हतं’ हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. त्याच्याकडे नंतर येऊ.

हिवाळा हा पाणथळ जागांवर सायकल आणि कॅमेरा घेऊन जाण्याचा मोसम. उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी डिसेंबर-जानेवारीत आपल्या खाड्यांवर असतात, हवा बरी असते आणि सेमिस्टरची परीक्षाही उरकलेली असते. मुंबई-पनवेलकडच्या मुलांना त्यासाठी लांब जायची गरज नाही. दिवा-पनवेलहून रोह्याला जाणारी गाडी पेणवरूनच जाते. पेण म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मूर्ती आठवतात, फार तर पोह्याचे पापड. पण गावाच्या पश्चिमेला धरमतर खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट फार कमी जणांनी पाहिलेला असतो.

तिथे जायचं तर पहिली गोष्ट म्हणजे तारीख. इथला दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात त्याचा एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या. दिवसात दोन भरत्या, त्यामुळे हा आकडा दिवसालाही लागू आणि रात्रीलाही. हा अंदाज आहे. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा चढतं, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर तपासाच. पण दिवस निवडायला घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे.

आता याचा फोटोशी काय संबंध? ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तुतारी, चिखल्या, शेकाट्या असे पक्षी त्यातले किडे-कृमी टिपत लांबवर पांगतात. पाणी चढू लागलं की त्यांची जागा आक्रसत जाते आणि ते काठाकडे, बांधांवर, मिठागरांत येऊन थांबतात. म्हणजे तुम्ही पक्ष्यांच्या मागे धावायचंच नाही. योग्य वेळी गप्प बसायचं. भरतीच पक्ष्यांना तुमच्याकडे आणते. त्यासाठी द्वादशी किंवा त्रयोदशी चांगली. भरती नऊ-पावणेदहाच्या सुमारास पूर्ण होते, त्यामुळे सातपर्यंत काठावर असलात की चढतं पाणी आणि कोवळं ऊन दोन्ही मिळतात. खाडी पश्चिमेला असल्याने सकाळचा सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणजे प्रकाशही बरोबर पक्ष्यावर पडतो. पाच आकडी किमतीच्या लेन्सपेक्षा या हिशेबाने जास्त फोटो मिळतील.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पेणहून रोहा एका दिवसात सायकलने करू, असा उत्साह कुणाला आला तर त्याला आवरा. मधला मुंबई-गोवा महामार्ग अवजड वाहनांचा आहे. तिथे ट्रकच्या बाजूने सायकल हाणण्यात ना फोटोग्राफी आहे, ना शहाणपण. दोन्ही ठिकाणं हवी असतील तर दोन दिवस काढा. रोह्याची गंमत वेगळी आहे. कोलाडच्या राफ्टिंगमुळे तुम्हाला माहीत असलेली कुंडलिका रोह्यावरून पुढे रेवदंड्याच्या खाडीला जाते. नदीची खाडी कशी होते, हे तिच्या कडेने जाताना टप्प्याटप्प्याने दिसतं. धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहतही याच नदीच्या शेजारी आहे, तीही बघा. आणि सायकल गाडीत कशी चढवायची याची काळजी करण्याआधी वर्गात विचारा. पेण, वडखळ, रोह्याकडचं कुणीतरी तुमच्या वर्गात असतंच. त्याच्याकडे सायकलही असते आणि वाटाही त्याला पाठ असतात.

तिसरी गोष्ट बांधाची. खारेपाटात सायकल चालवायला सगळ्यात मस्त जागा म्हणजे खारबांध. सरळ, उंच, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला शेतं. पण तो सायकल ट्रॅक नाही. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध आहे. त्याला जागोजागी उघाड्या असतात. भरतीला त्यांची झडप मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर जातं. उधाणाला या बांधाला खांड पडली की खारं पाणी शिवारात घुसतं आणि एक नाही, पुढचीही पिकं हातची जातात. त्यामुळे बांध ओला असेल तर सायकलवरून उतरा. चाकाच्या चरातून पाणी वाट काढतं. उघाडीवर चढून पोझ देऊ नका. आणि ‘थोडं पुढे जाऊन काढतो’ म्हणत चिखलात तर अजिबात उतरू नका. भरतीचं पाणी समोरूनच येतं असं नाही, खाजणातल्या नाळांमधून ते मागूनही येतं.

पाणी प्यायचं मात्र स्वतःचं न्या, भरपूर न्या. हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईकडे सिडकोच्या वसाहतींना जातं. वाशी, शिर्की, वढाव या खारेपाटातल्या गावांनी मात्र वर्षानुवर्षं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. (होय, पेण तालुक्यातही एक वाशी आहे.) तिथल्या कुठल्याही घरात तुम्हाला पाणी मिळेल, नाही कुणी म्हणणार नाही. म्हणूनच मागायची वेळ आणू नका.

आता ‘काहीच नव्हतं’ या वाक्याकडे येऊ. आपले पाणथळ जागांचे फोटो बहुतेकदा एकाच साच्यातले असतात. पक्षी, पाणी, मावळता सूर्य. जाळं टाकणारा माणूस फ्रेममध्ये आला की आपण थांबतो, तो बाजूला होईपर्यंत. विजेचा खांब, उघाडी, मिठाचे ढीग, भाताचा पेंढा हे सगळं क्रॉप करतो. फोटो सुंदर होतो, पण त्यातून दिसणारी जागा खोटी असते. ती रिकामी, कुणाचीच नसलेली वाटते. आणि या जिल्ह्यात ‘रिकामी जमीन’ हा शब्द फार महाग पडू शकतो.

इथल्या लोकांना हे चांगलं माहीत आहे. महामुंबई सेझसाठी जमिनी मागितल्या गेल्या तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांसोबत इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. तो सेझ इथे उभा राहिला नाही. तुमच्यातले कित्येक जण तेव्हा पाळण्यात होते. पण प्रश्न जुना झालेला नाही. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या परिसरात नवं शहर वसवण्याचं काम एमएमआरडीएकडे देण्यात आलं. शहर हवं की नको यावर तुमचं मत काहीही असू दे, तिथे आज काय आहे याची नोंद तरी असायला हवी.

ही नोंद का महत्त्वाची, तर कायद्याची नजरही आपल्यासारखीच क्रॉप करणारी आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत भातशेती येत नाही. मिठासाठी आणि मत्स्यशेतीसाठी तयार केलेल्या जागाही येत नाहीत. कांदळवनांना वेगळं संरक्षण आहे. पण भरतीच्या वेळी शेकाट्यांचा थवा ज्या मिठागरात येऊन थांबतो, ते या नियमांच्या दृष्टीने पाणथळच नाही. पक्ष्यांनी हे नियम वाचलेले नसतात. कागद आणि जमीन यांतलं हे अंतर दाखवायला तारीख, वेळ आणि जागा लिहिलेला साधा मोबाइलचा फोटोही कामाला येतो.

‘एक दिवस फिरायला गेलो तर एवढं सगळं डोक्यावर घ्यायचं का?’ असं कुणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. फिरा, मजा करा, हसा. (बांधावर स्पीकर मात्र नको.) फक्त दिवसाच्या शंभर फोटोंतले दहा वेगळे काढा. एक बांधाचा, एक उघाडीचा, एक मिठागराचा. जिताड्याच्या तळ्यावर, शेतात किंवा जाळ्यावर काम करणाऱ्या माणसाचा एक, पण त्याला विचारून, आणि त्याच्याशी दहा मिनिटं बोलून. कुठला पक्षी कधी येतो, पूर्वी काय यायचं, बांध शेवटचा कधी फुटला, हे त्याला माहीत असतं. बोलताना ‘काका’, ‘मावशी’ म्हणा आणि कॅमेरा खाली ठेवा. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर टाका. घरट्याचं ठिकाण मात्र कुठेही टाकू नका. जमलंच तर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत सहभागी व्हा. ही गणना १९८७पासून तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांच्या जोरावर चालत आली आहे.

आणि शक्य असेल तर त्याच जागी पुन्हा जा. एकदा काढलेला फोटो आठवण म्हणून राहतो, पण त्याच बांधावरून दर हिवाळ्यात काढलेले फोटो काय बदललं ते दाखवतात. तीन वर्षांच्या पदवीत तीन हिवाळे मिळतात. सालिम अलींनी सुगरणीचा प्रसिद्ध अभ्यास केला तो आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला, आणि तोही एकाच जागी दिवसेंदिवस बसून.

तेव्हा ग्रुपवर पुढचा मेसेज टाकण्याआधी कालनिर्णय उघडा आणि येती द्वादशी कोणत्या वारी आहे ते बघा. रविवारी आली तर उत्तमच. नाही आली तर एक लेक्चर कमी बसेल, त्याचं काय करायचं हे आम्ही सांगायला नको.